१/३५ चे रणगाडे: मॉडेल जोडताना आणि रंगवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लास्टिकच्या किटमधून रणगाडे जोडणाऱ्या नव्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. उदाहरणे मुद्दाम १९४८, १९६५ आणि १९७१ च्या लढायांतली घेतली आहेत. जर्मन टायगर आणि पँथरबद्दल जगभर भरपूर लिहून झाले आहे. पूना हॉर्स या भारतीय चिलखती रेजिमेंटच्या सेंच्युरियन रणगाड्यांबद्दल, छांबच्या एएमएक्सबद्दल मराठीत लिहायला हवे, असे मला मनापासून वाटते.

१/३५ म्हणजे नेमके केवढे? आणि ३५ हाच आकडा का?

खऱ्या गाडीची प्रत्येक लांबी ३५ ने भागायची. सेंच्युरियनची बॉडी तोफ सोडून साधारण ७.६ मीटर लांब, म्हणजे मॉडेल २२ सेंटिमीटरच्या आसपास. टी-५५ जवळपास १८ सेंटिमीटर. एएमएक्स-१३ हा हलका फ्रेंच रणगाडा जेमतेम १४. शोकेसच्या एका फळीवर चार-पाच गाड्या सहज मावतात.

३५ या आकड्यामागे कुठलेही गणिती तत्त्व नाही. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या टॅमिया कंपनीने १९६१ मध्ये मोटरवर चालणारा पँथर रणगाडा बाजारात आणला. आत मोटर आणि दोन बॅटऱ्या बसल्या पाहिजेत, या हिशेबाने त्याची रुंदी ठरली आणि नंतर मोजले तेव्हा प्रमाण सुमारे १/३५ निघाले. पुढची किट त्याच मापात आली, इतर कंपन्यांनीही तेच माप उचलले. टॅमियाच्या काही जुन्या किटच्या तळाला विनाकारण वाटणारी भोके दिसतात, ती या मोटरच्या काळातली आहेत. प्लास्टिकच्या पातळ पत्र्याने बुजवून टाका.

जागा फारच कमी असेल तर १/७२ आहे. त्यात सेंच्युरियन १०-११ सेंटिमीटरचा होतो. मात्र भाग बारीक असतात, त्यामुळे नवख्याला ते सोपे जाईल असे समजू नका.

पहिले किट कोणते घ्यावे?

माझे उत्तर ठरलेले आहे: टॅमियाचा एएमएक्स-१३. साचा अलीकडचा, भाग एकमेकांत नीट बसणारे, आकार लहान, त्यामुळे रंगही थोडा लागतो. शिवाय ही गाडी आपल्या इतिहासातली आहे. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबमध्ये पाकिस्तानी चिलखती हल्ला आला, तेव्हा समोर भारताच्या २० लान्सर्स रेजिमेंटचे एएमएक्स-१३ उभे होते, पाकिस्तानच्या अमेरिकी पॅटन रणगाड्यांच्या तुलनेत पातळ चिलखताचे आणि संख्येने थोडे. तो प्रसंग माहीत असला की हातातला चिमुकला टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, वेगळा वाटू लागतो.

पहिल्याच वेळी हजार भागांचे, आतल्या इंजिनासकट येणारे किट घेऊ नका. असे अर्धवट जोडलेले डबे किती कपाटांत पडून असतील, कोण जाणे.

भारतीय लष्कराच्या रणगाड्यांची किट मिळतात का?

डब्यावर भारताचे नाव क्वचितच दिसते, पण गाड्या त्याच आहेत. आपल्या चिलखती दलाने ब्रिटिश, अमेरिकी, फ्रेंच आणि सोव्हिएत रणगाडे वापरले आणि त्यातल्या बहुतेकांची किट निघालेली आहेत.

सेंच्युरियनसाठी टॅमियाचे जुने किट आहे आणि एएफव्ही क्लबची जास्त तपशिलाची किट आहेत. पूना हॉर्सचे सेंच्युरियन २० पाउंडर, म्हणजे ८४ मिलिमीटर तोफेचे होते. नंतरच्या काळातल्या इस्रायली किंवा ब्रिटिश गाड्यांची १०५ मिलिमीटरची तोफ त्यांना लावली तर गाडी चुकली. विकत घेण्याआधी डब्यातली तोफ कोणती, ते आधी बघा. टी-५५ टॅमिया आणि ट्रम्पेटर दोघांचाही मिळतो, पीटी-७६ ट्रम्पेटरचा. शर्मनची तर रांगच आहे.

समोरच्या बाजूचे रणगाडेही करावेत. एम४७ आणि एम४८ पॅटन, एम२४ चॅफी, चिनी टाइप ५९ हे सगळे किटमध्ये उपलब्ध आहेत. २१ नोव्हेंबर १९७१ ला बोयऱ्याजवळ गरीबपूरला भारताच्या ४५ कॅव्हलरीचे पीटी-७६ आणि पाकिस्तानी चॅफी एकमेकांना भिडले होते. एक पाण्यात तरंगणारा, पातळ चिलखताचा सोव्हिएत रणगाडा, दुसरा दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी. ही दोन मॉडेल्स शेजारी ठेवली की लढाई समजायला नकाशाइतकीच मदत होते.

टी-५५ आणि टाइप ५९ एकसारखेच दिसतात. मॉडेलमध्ये फरक कसा दाखवायचा?

हा प्रश्न १९७१ मध्ये प्रत्यक्ष रणांगणावरही होता. टाइप ५९ हा सोव्हिएत टी-५४ चा चिनी अवतार, आणि टी-५५ ही त्याच घराण्यातली पुढची पिढी. धुरळ्यात, दुरून, आपला कोणता आणि शत्रूचा कोणता हे कळणे कठीण. म्हणून भारतीय टी-५५ च्या तोफेच्या नळीवर साधारण मध्यभागी एक खोटा फुगवटा बसवला गेला. धूर खेचून घेणारा खरा फुगवटा नळीच्या टोकाशी असतोच, हा दुसरा केवळ ओळखीसाठी.

मॉडेलमध्ये तो करायला मास्किंग टेपची अरुंद पट्टी नळीभोवती घट्ट गुंडाळत जा, हवी तेवढी जाडी आली की वरून पातळ सुपरग्लूचा हात फिरवा आणि घासून गुळगुळीत करा. अर्ध्या तासाचे काम आहे, पण त्या एका फुगवट्याने डब्यातली सोव्हिएत गाडी भारतीय होते.

टाइप ५९ च्या टरेटच्या छपरावर हवा खेळती ठेवणाऱ्या पंख्याचे घुमटासारखे झाकण असते. टी-५५ वर ते नसते. फोटोत गाडी ओळखतानाही हीच खूण कामी येते.

हत्यारे कोणती लागतात?

सुरुवातीला फार थोडी. भाग फ्रेमवरून कापायला चांगल्या धारेचा निप्पर, आणि यात काटकसर नको. औषधांच्या दुकानात मिळणारे ११ नंबरचे सर्जिकल ब्लेड आणि त्याची मूठ. टोकदार चिमटा, बारीक कानशींचा संच, ४०० पासून १००० नंबरपर्यंतचे पाण्यात भिजवून वापरायचे पॉलिश पेपर, मास्किंग टेप, कापसाच्या काड्या, टूथपिक. भाग निप्परने दोनदा कापा, आधी लांबून आणि मग जवळून. म्हणजे प्लास्टिकवर पांढरा डाग पडत नाही.

डिंक कोणता? फेविक्विक चालेल का?

प्लास्टिकला प्लास्टिक जोडायला फेविक्विक नको. किटचे प्लास्टिक पॉलिस्टायरीन असते आणि त्यासाठीचा पातळ सिमेंट दोन्ही कडा किंचित विरघळवून त्यांचा एकजीव करतो. दोन भाग कोरडेच जुळवून धरायचे आणि फटीला ब्रशचे टोक लावायचे. द्रव आपोआप आत ओढला जातो. फेविक्विक आणि त्या जातीचे सुपरग्लू पितळी जाळ्या, धातूच्या नळ्या आणि रेझिनचे भाग चिकटवायला उत्तम. फेविकॉल लागतो तो खालच्या जमिनीसाठी.

फटी भरायला महागडी पुट्टीच हवी असे नाही. फ्रेमचे उरलेले तुकडे सिमेंटच्या छोट्या बाटलीत विरघळवून ठेवा. त्या लगद्याने भरलेली फट सुकल्यावर मूळ प्लास्टिकसारखीच घासता येते. मोठा खड्डा असेल तर एम-सील, पण ते दगडासारखे घट्ट व्हायच्या आत ओल्या बोटाने सारखे करून घ्या.

पट्टे नेहमी खेळण्यासारखे का दिसतात?

कारण ते ताणलेल्या रबरासारखे सरळ बसवले जातात. खऱ्या पट्ट्याचे वजन टनांत असते, तो लोंबतोच. आता गाडीप्रमाणे पाहा. टी-५५ ला पाच मोठी चाके, वर पट्टा तोलणारे रोलर नाहीत, त्यामुळे पट्टा थेट चाकांच्या माथ्यावर टेकतो आणि मध्ये झोळ पडतो. शिवाय पहिल्या आणि दुसऱ्या चाकात जास्त अंतर असते. एम४७ ला वर तीन रोलर आहेत, म्हणून तिथे झोळ लहान लहान. सेंच्युरियनला दोन्ही बाजूंनी पत्रे असल्याने वरचा भाग झाकलेलाच राहतो, नवख्याला हा मोठा दिलासा.

सुट्या कड्यांचे पट्टे असतील तर कड्या सरळ पट्टीवर चिकटवा, सिमेंट अर्धवट ओला असतानाच चाकांवर गुंडाळा आणि वरून कापसाचे बोळे दाबून झोळ द्या. रात्रभर तसेच राहू द्या.

ब्रश की एअरब्रश? रंग कोणते?

ब्रशने सुंदर गाड्या रंगवणारे लोक आहेत. वालेहोसारखे पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग पातळ करून, दोन-तीन हातांत, प्रत्येक हात पूर्ण सुकवून लावले तर ब्रशचे फराटे दिसत नाहीत. टॅमियाचे ॲक्रिलिक स्पिरिटवर आधारलेले असतात, ते ब्रशखाली खालचा थर उचलतात. एअरब्रशमधून मात्र ते अप्रतिम बसतात. शक्य असेल तेव्हा ०.३ मिलिमीटर नोझलचा एअरब्रश आणि टाकी असलेला लहान कॉम्प्रेसर घ्या. दाब १५ ते २० पीएसआय पुरतो, रंग दुधाइतका पातळ हवा.

फवारताना खिडकी उघडी आणि तोंडावर रासायनिक वाफांसाठीचा काडतूस लावलेला मास्क. साधा कापडी मास्क रंगाची वाफ अडवत नाही. वन रूम किचनमध्ये घरात लहान मूल असेल तर लॅकर रंग वापरूच नका. याबाबत मी कुठलीही तडजोड सुचवणार नाही.

पावसाळ्यात रंगावर पांढरट साय येते, ती कशाने?

मुंबई, कोकण, गोवा इथल्या प्रत्येकाला जून ते सप्टेंबर हा प्रश्न पडतो. लॅकर किंवा स्पिरिटमधला द्रव झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतल्या बाष्पाचे त्यावर बारीक थेंब होऊन बसतात. वार्निशच्या थरात हे पाणी अडकले की तो धुरकट होतो. उपाय म्हणजे सावकाश सुकणारा थिनर, पातळ थर, कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी अडवणारा ट्रॅप आणि मुसळधार दिवशी रंगकामाऐवजी जोडकाम. साय आलीच, तर कोरड्या दिवशी त्याच जातीच्या थिनरचा अगदी हलका फवारा मारल्यावर ती बहुतेकदा विरघळते.

भारतीय रणगाड्यांचा हिरवा नेमका कोणता?

सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेंच्युरियनच्या काळातला ब्रिटिश रंग डीप ब्राँझ ग्रीन, ब्रिटिश मानकात क्रमांक २२४. डबीतून काढला तर तो जवळजवळ काळपट, निळसर झाक असलेला हिरवा दिसतो. सोव्हिएत गाड्यांचा हिरवा त्याहून उजळ आणि पिवळट. पण कारखान्यातून निघालेला रंग आणि पंजाबातली काही उन्हे खाल्लेला, युनिटच्या कोठारातल्या रंगाने पुन्हा पुन्हा हात मारलेला रंग, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच स्क्वाड्रनमधल्या दोन गाड्या सारख्या नसत.

त्यात मापाचा परिणाम मिळवा. मोठी वस्तू दुरून पाहताना मधली हवा तिचा रंग फिकट करते. मॉडेल आपण हातभर अंतरावरून पाहतो, म्हणजे खरी गाडी दहा-पंधरा मीटरवरून पाहिल्यासारखे. म्हणून मूळ छटा तशीच फवारली तर मॉडेल काळे पडते. मी डीप ब्राँझ ग्रीनमध्ये थोडा पिवळट राखाडी मिसळतो, मग वरच्या आडव्या भागांवर आणखी एक फिकट हात आणि खालच्या कोपऱ्यांत मूळ गडद छटा ठेवतो.

कुणी ‘अमुक डबीच बरोबर’ असे छातीठोकपणे सांगितले तर त्याला फोटो मागा. आणि त्या काळातले रंगीत फोटो छापताना, स्कॅन करताना रंग बदलतात, हेही विसरू नका. काळ्या-पांढऱ्या फोटोंवर माझा जास्त भरवसा आहे. त्यात रंग कळत नाही, पण कुठे माती आहे, कुठे जाळी बांधली आहे, कुठे पत्रा वाकला आहे, हे स्वच्छ कळते.

चिन्हे आणि नावे कशी लिहायची?

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे, लावण्याआधी पृष्ठभाग चकचकीत वार्निशने गुळगुळीत करा. खडबडीत रंगावर डिकलखाली हवा अडकते आणि ती रुपेरी चमकते. डिकल मऊ करणारे द्रव मिळतात, त्यांनी ती पत्र्याच्या रेषांत बसते. भारतीय चिन्हांच्या डिकल सहज मिळत नाहीत. पारदर्शक डिकल पेपरवर लेझर प्रिंटरने छापून घेता येतात, मात्र प्रिंटर पांढरा रंग छापत नसल्याने पांढरी अक्षरे स्टेन्सिल कापून फवारावी लागतात किंवा बारीक ब्रशने काढावी लागतात.

इथे मनापासून एक विनंती. ज्या गाडीचा फोटो आहे, तिचेच नाव आणि क्रमांक लिहा. पूना हॉर्सच्या लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर यांच्या सेंच्युरियनचे नाव होते खुशाब, आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्या सेंच्युरियनचे फामागुस्ता. खुशाब ही १८५७ मधली इराणच्या मोहिमेतली लढाई, रेजिमेंटच्या पूर्वजांनी लढलेली. पुण्यात शिकलेले तारापोर १६ सप्टेंबर १९६५ ला धारातीर्थी पडले, २१ वर्षांचे खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र. ही नावे टरेटवर लिहिताना अक्षरांचे वळण, जागा, आकार यांचा अंदाज मनाने बांधू नये.

गाडी किती गंजवायची? चिखल किती लावायचा?

गंज फारच थोडा. सैन्यातल्या गाडीची रोज निगा राखली जाते, आणि जाड चिलखती पोलादाचे तुकडे गंजून गळत नाहीत. गंज दिसतो तो सायलेन्सरवर, पट्ट्यांच्या कड्यांवर, ओढायच्या साखळीवर. कडांवरचा रंग उडालेला दाखवायचा असेल तर स्पंजच्या तुकड्याला गडद तपकिरी रंग लावून, कागदावर पुसून, हलकेच टेकवा. जिथे माणसे चढतात-उतरतात तिथेच. चकचकीत घासलेल्या धातूसाठी मऊ पेन्सिलीचे शिसे बोटाने चोळणे पुरते.

माती मात्र भरपूर, आणि योग्य जागेची. आपल्याकडची घराजवळची माती चाळून वापरायचा मोह होतो. कोकणातला जांभ्याचा लाल किंवा देशावरचा काळा रंग खेमकरणच्या गाडीवर चढला की सगळे चित्र बिघडते. पंजाबची गाळाची माती करडी-तपकिरी, सुकल्यावर फिकट. राजस्थानची वाळू पिवळट, कोरडी, ती खाचांत साठते पण चिकटत नाही. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये असल उत्तरला उसाच्या शेतांत पाणी सोडलेले होते आणि पॅटन त्या चिखलात रुतले, म्हणून तिथल्या पॅटनवर ओला, चाकांच्या वरपर्यंत आलेला, उसाच्या पाल्याचे तुकडे मिसळलेला चिखल शोभतो. लोंगेवालाच्या टाइप ५९ वर डिसेंबरची कोरडी वाळू. १ नोव्हेंबर १९४८ ला साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजी ला खिंडीत गेलेल्या ७ लाइट कॅव्हलरीच्या स्टुअर्टवर बर्फ, आणि बर्फ वितळून झालेला राडा.

मिश्रण सोपे आहे: ॲक्रिलिक रंग, फेविकॉलचे दोन थेंब, प्लास्टरची चिमूट, बारीक वाळू. धुळीसाठी चित्रकलेच्या दुकानातले मऊ पेस्टल खडू ब्लेडने खरवडून पूड करा. नेहमीची रांगोळी नको, तिचे कण या मापात गोट्यांएवढे दिसतात.

वॉश म्हणजे काय, आणि तो रंग खाऊन का टाकतो?

पातळ गडद रंग खाचांत सोडून त्यांना उठाव देणे म्हणजे वॉश. खालचा रंग ॲक्रिलिक असेल तर वॉश एनॅमल किंवा ऑइल रंगाचा, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला घ्यावा. दोन्ही एकाच जातीचे असले की खालचा थर सुटतो. मध्ये वार्निशचा हात द्या आणि एक दिवस थांबा.

खरी गाडी जवळून कुठे पाहता येईल?

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र याच शहरात आहे, संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झाले. रोल्स-रॉइसच्या चिलखती मोटारीपासून भारतात बनलेल्या विजयंता रणगाड्यापर्यंत गाड्या उघड्यावर, हाताच्या अंतरावर उभ्या आहेत. पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटनही आहे. महाराष्ट्रात राहून मॉडेल करणाऱ्याने तिथे एकदा तरी संपूर्ण दिवस घालवावा.

जाताना वही न्या. ओतीव टरेटचा पृष्ठभाग किती खडबडीत आहे, वेल्डिंगची रेघ केवढी जाड आहे, चाकाच्या रबराची कड कशी फाटते, हे बघून रेखाटने करा. तो खडबडीतपणा किटमध्ये अनेकदा नसतो. पातळ केलेली पुट्टी जुन्या ब्रशने ठोकत लावली की मिळतो. फक्त तिथल्या रंगावर विसंबू नका, प्रदर्शनातल्या गाड्या वेळोवेळी नव्याने रंगवल्या जातात. फोटो काढण्याबद्दल दारावरच विचारून घ्या.

मुलांना हा छंद लावावा का?

दहा-बारा वर्षांपासून, मोठ्यांच्या सोबतीने, जरूर. सर्जिकल ब्लेड आणि सिमेंट मोठ्यांच्या हातात, घासणे आणि ब्रशचे काम मुलांकडे.

युद्धाची खेळणी करून आपण युद्धाचा गौरव करत नाही का?

हा प्रश्न बहुतेक घरातलेच विचारतात, आणि तो योग्य आहे. मॉडेल करताना मला उलटा अनुभव येतो. टरेटच्या आत तीन माणसे किती दाटीने बसत, ड्रायव्हरला झाकण बंद केल्यावर किती थोडे दिसे, दारूगोळा त्यांच्या गुडघ्याशी कसा रचलेला असे, हे हाताने जोडताना कळते. अब्दुल हमीद १० सप्टेंबर १९६५ ला ज्या उघड्या जीपवर बसून पॅटनशी लढले, ती जीप १/३५ मध्ये करून पॅटनशेजारी ठेवून पाहा. जीपला चिलखत नाही, छत नाही, वर फक्त लांब नळीची आरसीएल, म्हणजे मागे धक्का न देणारी (रिकॉइललेस), तोफ. माझ्या शेल्फवर ती जोडी आहे आणि पाहुणे बोलता बोलता तिथे थांबतात.

दोन्ही बाजूंचे रणगाडे तितक्याच काळजीने करा. जळालेली गाडी करत असाल तर आत माणसे होती, हे लक्षात ठेवून करा.

तयार मॉडेल वर्षानुवर्षे कसे टिकवायचे?

बंद काचेचे किंवा ॲक्रिलिकचे कपाट, थेट ऊन नको, कारण डिकल पिवळ्या पडतात आणि पातळ नळ्या वाकतात. समुद्राजवळच्या घरात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या बदलत राहा. खालच्या जमिनीत खरी माती, वाळलेले गवत वापरले असेल तर त्याला बुरशी येते. वापरण्याआधी ते तव्यावर भाजून घ्या आणि लावल्यावर फेविकॉलच्या पातळ पाण्याने बंद करा. धूळ मेकअपच्या रुंद, मऊ ब्रशने झाडा, कपड्याने नाही. तोफेची नळी आणि अँटेना आधी डाव्या हाताने आधार देऊन धरा, मगच ब्रश फिरवा.